दुहेरी दोरा

घडीमास्तर हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण छावणीत त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली तर त्याने ओ दिली नसती. विमानातून उड्या मारणाऱ्या जवानांच्या पॅराशूटांच्या घड्या घालणं, हे त्याचं काम. लांबलचक टेबलावर ते सुळसुळीत कापड पसरायचं, चुणी न् चुणी बोटांनी निपटून काढायची, दोऱ्या नागमोडी वळवून रबराच्या फासांत अडकवायच्या आणि सगळं पिशवीत कोंबायचं. 'कोंबायचं' म्हटलेलं त्याला अजिबात खपत नसे हं! 'बसवायचं' म्हणायचं. शेवटी पिशवीच्या तोंडाला कच्च्या दोऱ्याची एक गाठ. जवान विमानाबाहेर पडला की विमानाला अडकवलेल्या पट्ट्याच्या पहिल्याच हिसक्याला तो दोरा तटकन तुटला पाहिजे, मग पिशवी उघडते, मग पॅराशूट. म्हणून तो दोरा एकेरी बांधायचा असतो.

माणूस असा चिकित्सक की विचारू नका. घरात बायकोने चादरीची घडी घातली की हा ती उलगडून पुन्हा घालणार.

"अहो, त्या चादरीला बांधून कुणी उडी मारणार नाहीये," ती म्हणायची.

"सवय बिघडते गं," हा म्हणायचा.

छावणीचा एक जुना रिवाज होता. घडीबद्दल कुणाला शंका आली तर ज्याने ती घातली त्याने स्वतः ते पॅराशूट पाठीला लावायचं आणि उडी मारून दाखवायची. घडीमास्तरने तरुणपणी अशा पुष्कळ उड्या मारल्या आणि दर वेळी खाली आल्यावर शंका काढणाऱ्याकडून चहा उकळला. पुढे पुढे शंका काढणारे संपले. उलट त्याच्या हातचं पॅराशूट आपल्याला मिळावं म्हणून जवान भांडायला लागले. त्यात सगळ्यांत पुढे बोका, त्याचा भरतीपासूनचा दोस्त. कुठूनही टाका, चार पायांवरच पडणार, म्हणून बोका. "माझे पाय कसले, मास्तरची बोटं," असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा.

त्या बोटांनाच कुणाची दृष्ट लागली देव जाणे. आधी सकाळी उठल्यावर मुठी वळेनात. मग सांधे सुजले, मग नळ फिरवताना डोळ्यांत पाणी यायला लागलं. दुपारपर्यंत बोटं सैल पडायची, म्हणून पठ्ठ्याने कामाचीच उलटापालट केली. सकाळी कापड झाडायचं, डाग तपासायचे, गरम चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून उगाच गप्पा मारायच्या, आणि गाठी सगळ्या दुपारी. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. बायकोच्या मात्र लक्षात आलं होतं. तिने डॉक्टरचा विषय काढला की तोंडात मिठाची गुळणी. शेवटी तिने एक दिवस धरूनच नेलं आणि रक्त द्यायला लावलं.

अहवाल यायचा होता त्या सकाळी कामाची घाई उडाली. एका पॅराशूटची गाठ दुपारपर्यंत ठेवायची सोय नव्हती. तपासनीस आतली घडी पाहून पुढे गेला. शेवटची गाठ बघायला तो थांबला नाही, घडीमास्तरची गाठ काय बघायची! इकडे मास्तरच्या बोटांत दोरा ठरेना. तीनदा निसटला. चौथ्यांदा त्याने दोरा दुहेरी केला, म्हणजे जरा जाड लागला, एक टोक दातांत धरलं आणि गाठ आवळली. दुपारी बोटं सुटली की हा काढून एकेरी बांधू, असं मनाशी म्हणून ते पॅराशूट त्याने खालच्या फळीवर सारलं.

ती दुपार काही आली नाही. दवाखान्यातून बोलावणं आलं.

"रुमॅटॉइड आर्थ्रायटिस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा म्हातारपणाचा संधिवात नव्हे. तुमचं शरीर तुमच्याच सांध्यांवर उलटलंय."

"मग त्याचं कोर्ट मार्शल करा की," मास्तर म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. औषधांनी रोग आवरता येईल, पण झिजलेलं परत येणार नाही, आणि आजपासून टेबलाला हात लावायचा नाही. आजपासून म्हणजे आत्तापासून. टेबलावर काम करायचा त्याचा बिल्ला तिथेच काढून घेतला.

त्या दोऱ्याचं सांगायचं ना तेव्हाच! एका वाक्याचं काम होतं. पण नाही. सांगितलं असतं तर त्याची सगळी पॅराशूटं सोडली असती, किती महिने लपवलंस म्हणून विचारलं असतं, आणि इतक्या वर्षांच्या नावावर बोळा फिरला असता. शिवाय ठरावीक मुदतीत न वापरलेलं पॅराशूट सोडून पुन्हा बांधतातच. खालच्या फळीवरचं कोण उचलतंय, मुदत संपली की दोरा आपोआप जाईल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. निरोपसमारंभात टेबलवाल्यांनी हौसेने त्याला त्याच कच्च्या दोऱ्याचं एक रीळ भेट दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने हसून ते खिशात घातलं.

छावणीच्या भिंतीपलीकडे त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. विमानं डोक्यावरूनच जायची. आवाज आला की मास्तरच्या हातातला घास हातातच राहायचा. मग एका संध्याकाळी बोका आला, खुशीत.

"मास्तर, तुझं शेवटचं पॅराशूट कुणाकडे आहे, ओळख."

मास्तरने हातातला कप खाली ठेवला.

"माझ्याकडे! कुलपात ठेवलंय लेका. सगळे टपलेले होते त्याच्यावर. शनिवारी कमी उंचीवरून उडी आहे, माझी शेवटची. मग मी शिकवायला जाणार. म्हटलं, शेवटची उडी मास्तरच्या शेवटच्या घडीवर."

"मुदत संपली असेल त्याची," मास्तर कसाबसा म्हणाला.

"छे! शनिवारनंतरही दोन आठवडे आहेत, बघितलं मी." बोक्याने चहा फुर्रकन संपवला. "पोटावर दुसरं असतंच म्हणा, पण एवढ्या खालून उडी म्हणजे ते उघडायला वेळ कुठला? पहिलंच उघडायला हवं. म्हणून तर तुझं!" आणि मास्तरची पाठ थोपटून तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून घरात दोरेच दोरे. खिडकीच्या गजाला दोरा, दाराच्या कडीला दोरा, पलंगाच्या पायाला दोरा. एकेरी बांधायचा, ओढायचा. दुहेरी बांधायचा, ओढायचा. ओढायला ताकद कुठे होती? मग त्याने बायकोला हाक मारली. बाथरूमच्या छताला एक कडी होती, तिला दोऱ्याने पाण्याची बादली टांगायला लावली.

"अहो, हे काय खूळ घेतलंय?"

"उचलून धर आणि एकदम सोड."

एकेरी दोरा तटकन तुटला. बादली आदळली, पाणी तिच्या पायांवर उडालं. दुहेरीला बादलीने हिसका दिला, गरकन फिरली आणि लटकत राहिली. तिने पुन्हा सोडली. तरीही लटकतच राहिली. त्या लहानशा खोलीत मास्तर भिंतीला टेकून बादलीकडे बघत राहिला.

बायको काही दुधखुळी नव्हती.

"कुणाचं आहे?" तिने विचारलं.

"बोक्याचं."

ती मटकन खालीच बसली. "मग जा ना, सांगून या!"

"माणसाचं वजन बादलीपेक्षा जास्त असतं. तुटेल. बहुतेक तुटेल."

"बहुतेक?"

"हे बघ, शनिवारच्या सकाळपर्यंत ही बादली आपोआप पडली तर सांगायची गरज नाही. तोवर हात लावू नकोस तिला."

असला करार कुणी बादलीशी करतं का? पण भीतीने माणूस काय वाटेल ते करतो. तीही भ्यायलीच होती, म्हणून तिने ऐकलं. दोघं त्या बादलीला वळसा घालून अंघोळ करायची. बोलता बोलता मध्येच गप्प होऊन कानोसा घ्यायची. भांडं वाजलं तरी मास्तर धावायचा. बादली आपली स्वस्थ लटकलेली. दोरा ताणून केसासारखा बारीक झाला होता, पण तुटायचं नाव नाही.

शनिवारी सकाळी बादली तिथेच होती. मास्तरने शर्ट अंगात घातला आणि बायकोपुढे उभा राहिला. तिने बटणं लावली, बुटांचे बंद बांधले. विमानाच्या इंजिनाची घरघर सुरू झाली होती. सुजलेल्या पायांनी पळता येत नाही, तरी तो पळाला.

मैदानावर जवान रांगेत उभे, पाठीवर ओझी. त्याला पाहून रांगेतून आरोळी उठली, "मास्तर आला! मास्तर आला!" बोका तर दोन्ही हात पसरून पुढे झाला.

"त्याच्या पाठीवरचं उतरवा," मास्तर कमांडरसाहेबांना म्हणाला. धाप लागली होती, तरी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. "मी दोरा दुहेरी बांधलाय."

बोका खो खो हसला. "हा आणि दुहेरी! रिवाज माहितीये ना? मग लाव पाठीला आणि मार उडी. चहा मी पाजतो!"

सगळे हसले. मास्तरने हात पुढे केले आणि मुठी वळायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावरच थांबली. ती वाकडी बोटं तो तशीच सगळ्यांसमोर धरून उभा राहिला. उडी मारून दाखवता आली असती तर त्याने हसत हसत मारली असती. आता नुसते शब्द उरले होते.

साहेबांनी बोक्याला पाठमोरं केलं, पिशवीच्या तोंडावरची झाप वर उचलली आणि गाठ बोटाने चाचपून पाहिली.

"आणखी किती आहेत असे?"

"एवढंच एक, साहेब," मास्तर म्हणाला. "पण माझ्या बोलण्यावर जाऊ नका. माझी आहेत तेवढी सगळी सोडा."

रांगेतल्या एकाने पट्टा काढला. मग दुसऱ्याने. भांडून मिळवलेली पॅराशूटं एकेक करून गवतावर उतरली. कुणी मास्तरकडे बघेना. बोका तेवढा बघत होता.

"मी घरी आलो होतो," तो म्हणाला. "तुझ्यासमोर बसून चहा प्यालो. तेव्हा का नाही बोललास?"

बोका वळला, आणि मास्तरच्या जागी आलेल्या माणसाने बांधलेलं एक पॅराशूट पाठीला लावून विमानाकडे गेला. ते बोक्याच्या डोक्यावर उघडेपर्यंत मास्तर मान वर करून उभा राहिला. मग तो घरी निघाला. त्याला कुणी थांबवलं नाही.

दारातच बायको उभी होती. पदर भिजलेला, हातात फरशी पुसायचं फडकं.

"बादली पडली," ती म्हणाली. "तुम्ही फाटकाबाहेर पडलात आणि लगेच. मी हातसुद्धा लावला नाही, शपथ." तिला रडू फुटलं. "जरा थांबला असता तर..."

मास्तर बाथरूमच्या दारापाशी गेला. कडीला तुटक्या दोऱ्याची दोन टोकं लोंबत होती. जमिनीवर पाणीच पाणी.

"उशिरा पडली गं," तो म्हणाला. "वर एवढा वेळ नसतो."