पाच मिनिटं की पंधरा

अख्ख्या सौसर तहसिलीत घड्याळाशी सर्वांत कमी कोणाचं पटत असेल, तर ते माझ्या आत्याचं. चुलीवर दूध ठेवून ती संत्र्याच्या बहराचा वास घेत दारात उभी राहायची आणि पातेलं रिकामं झाल्यावर म्हणायची, "बाप्पा, एवढ्यात?" आमच्याकडे पांढुर्ण्याला यायला निघालेली आत्या भलत्याच मोटारीत डोळे मिटून बसायची, ते लोधीखेड्यात उघडायची. त्यात घाबरणं नाही. तिथे कोणाच्या तरी ओसरीवर चहा पिऊन, दोन नव्या ओळखी करून संध्याकाळी आरामात पोचायची. वेणी घालताना तर तिची समाधीच लागे. एकच वेणी घालून, दुसरी बाजू मोकळी सोडून ती शाळेत शिकवायला गेलेली मी स्वतः पाहिली आहे.

घरात तसे केस दोघींचेच, तिचे आणि माझे. दाट, बारीक वळांचे, कंगव्याचे दात मोडणारे. मला नागपूरचं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या आईनं आधीच निरोप धाडला होता, की पोरगी चांगली आहे, पण केसांचं काहीबाही कानावर आलं. माझ्या आईचा जीव टांगणीला लागला. तेव्हा आत्यानं नागपूरच्या एका पार्लरमधून औषधाचा डबा आणला.

"पंधरा मिनटं ठेवलं तं केस सरळ," ती सांगायची, "अन् पाचच मिनटं ठेवलं तं वळ नुसते सैल होते. औषध एकच. सारा टाईमाचा खेळ."

आईला केस सरळच हवे होते. आत्या म्हणे, "राहू दे ना थोडे वळ. आपलेच आहेत." दोन दिवस हाच वाद.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी पाटावर वाट पाहत बसले, आत्या येईना. परसात जाऊन पाहते तर तिनं स्वतःच्याच डोक्यावर दोन्ही करून पाहिलेलं. उजवीकडे पाच मिनिटं. ती बाजू खरंच सुंदर झाली होती, मऊ आणि सैल. डावीकडे पंधरा ठरवली होती, पण औषध लावून ती ढग पाहत बसली. किती वेळ, ते तिलाही ठाऊक नव्हतं. धुताना तिकडचे केस हातात आले. उरलेलं औषध तिनं मातीत ओतून टाकलं होतं.

"एवढंसं घड्याळ पाहता आलं नाही तुम्हाला?" मी ओरडले. "आता उद्या मी काय करू?"

"तेच तं पाहून राहिली होती," ती शांतपणे म्हणाली. "तुझ्या डोक्यावर औषध असताना माझ्यानं घड्याळ पाहणं होते का नाही. नाही होत, पोरी."

ते स्थळ मोडलं. चार महिने मी तिच्याशी बोलले नाही, आणि तिनंही कधी समजूत घातली नाही. डोक्यावरून पदर घेऊन यायची, आईशी बोलून जायची. पुढे माझं लग्न झालं ते याच केसांसकट. तिच्या डाव्या कानामागची एक जागा मात्र पुन्हा कधी भरली नाही.

शेवटच्या आजारात तिचे केस मीच विंचरायची. कंगवा त्या जागेशी आला की माफी मागावीशी वाटायची, फार वाटायची. "झालं का वो?" ती विचारायची. "थोडं राहिलं," मी म्हणायची, आणि विंचरून झालेले केस पुन्हा विंचरत बसायची.