आठ मिलिमीटर गवत

दीनानाथ वैरागडे पिचवर गवत ठेवायचा. आठ मिलिमीटर. सात नाही, नऊ नाही. मोजायला त्याच्याकडे हॉस्पिटलच्या लॅबमधली जुनी पट्टी होती. तो गुडघे टेकून बसायचा, पट्टी उभी धरायचा आणि एक डोळा मिटायचा. कार्डिफच्या त्या छोट्या क्रिकेट क्लबचं स्क्वेअर, म्हणजे मैदानामधला पिचांचा चौक, तेरा वर्षं त्याने असं सांभाळलं. पगार घेतला नाही. शेडची किल्ली मात्र त्याच्या खिशात असायची, आणि ती तेवढी त्याला पुरेशी होती.

हे त्याला ऑस्ट्रेलियातल्या होबार्टमध्ये शिकवलं गेलं. नागपूरहून निघून तो आधी टास्मानियाला गेला होता, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तीन वर्षांच्या कामावर. सुट्टीच्या दिवशी शील्डची मॅच बघायला जायचा. राज्याराज्यांचे संघ, चार दिवसांचा खेळ, आणि बघायला मोजून साठ माणसं. तिथल्या पिचवर पहिल्या सकाळी गवत असायचं. बॉल हलायचा. फलंदाजाला एकेक रन कमवावी लागायची. मैदान राखणाऱ्या म्हाताऱ्याने त्याला दर वेळी एकटं बसलेलं पाहिलं आणि एक दिवस दोरीच्या आत बोलावलं. "पिच दोघांचं असतं," म्हातारा म्हणाला. "फलंदाजाचं एकट्याचं झालं की ते पिच नाही, रस्ता आहे."

दीनानाथ तिथे असतानाच वीस ओव्हरच्या स्पर्धेत राज्यांच्या जागी शहरांचे नवे संघ आले. जांभळे, हिरवे, गुलाबी कपडे. दीनानाथने तेही तिकीट काढून पाहिलं, मजेत पाहिलं. पण दुसऱ्या आठवड्यात शील्डची मॅच होती, त्याच राज्यांची, तसल्याच हिरव्या पिचवर. ती बंद झाली नव्हती. हे तो पुढे अनेकांना सांगायचा. ऐकलं कोणीच नाही.

कार्डिफला आल्यावर हिवाळ्यात सकाळी साडेसहाला तो शील्डचं शेवटचं सत्र ऐकायचा. एका हातात चहा, मोबाइल ओट्यावर. त्याची बायको अलका म्हणायची, "अहो, बाहेर उजाडलं नाही आणि तुमच्याकडे स्टंप्स, दिवसाचा खेळ संपलासुद्धा?"

जुलै हा त्याचा महिना होता. जुलैत एका रविवारी त्याच्या मैदानावर विदर्भाची मॅच व्हायची. एका बाजूला विदर्भ, दुसऱ्या बाजूला उरलेला महाराष्ट्र. ब्रिस्टलहून लोक यायचे, रीडिंगहून यायचे. अलका सांबारवडी, म्हणजे विदर्भातली कोथिंबीर भरलेली वडी, करून आणायची आणि पुण्याचे लोक दरवर्षी विचारायचे की यात सांबार कुठे आहे. विदर्भाची बोलिंग दीनानाथ आणि पद्माकर सुरू करायचे. डॉक्टर पद्माकर किनखेडे, रीडिंगला डोळ्यांची ऑपरेशनं करणारा, दीनानाथचा नागपूरचा वर्गमित्र. दोघांचं वय अठ्ठावन्न. पद्माकर मैदानात पाऊल टाकताच ओरडायचा, "काय बे दीन्या, पिच केलं का गाईसाठी कुरण?"

यंदा ती मॅच रद्द झाली.

मराठी मंडळाने लीग काढली. रीडिंग, ब्रिस्टल, कार्डिफ, शहराप्रमाणे तीन संघ. लोगो, डीजे, स्पॉन्सर, खेळाडूंची बोली. हे सगळं परीक्षितने उभं केलं. परीक्षित रीडिंगच्या एका आयटी कंपनीत मॅनेजर होता, पस्तिशीचा, बोलायला गोड. तो दीनानाथच्या घरी येऊन पोहे खाऊन गेला.

"काका, ऑस्ट्रेलियाने हेच केलं ना? स्टेट सोडून सिटी. तुमच्या आवडीचाच देश."

"सोडलं नाही त्यांनी. शील्ड चालूच ठेवली."

"बघतं कोण? पाच माणसं आणि एक कुत्रं."

"त्यातला एक मी होतो," दीनानाथ म्हणाला. "कुत्रं कोण ते तू ठरव."

परीक्षित हसला. विदर्भाच्या मॅचला तारीख उरली नाही, असं त्याने हसतच सांगितलं. कार्डिफच्या संघात दीनानाथला कोणी घेतलं नाही. त्याचं नाव पोस्टरवर खाली कोपऱ्यात आलं: ग्राउंड पार्टनर. पद्माकरला मात्र रीडिंगने घेतलं, सीनियर खेळाडू म्हणून.

पहिल्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी दीनानाथने पिच तयार केलं. हलका रोलर फिरवला, पट्टी लावली, आठ मिलिमीटर. फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. हिरवंगार, कडेला पांढरी रेघ. खाली लिहिलं, 'दोघांचं पिच.' परीक्षितने लगेच फोन केला.

"काका, हे फारच हिरवं आहे. स्पॉन्सरला सिक्सर हवेत. दोनशे रन झाले पाहिजेत."

"मग सिक्सर मारणारे घेऊन या. गवत राहील."

"बरं. खुर्च्या आणि झेंडे सकाळी काढायचेत. शेडची किल्ली द्याल?"

रविवारी दीनानाथची लॅबमध्ये सकाळी सहाची ड्युटी होती. त्याने किल्ली दिली. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

रात्री पाऊस पडून गेला.

तीनला ड्युटी संपवून तो मैदानावर पोचला तेव्हा डीजे बंद होता. पद्माकर गाडीत बसत होता. उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला, टॉवेल लाल. साध्या लेंग्थवर पडलेला बॉल अंगावर उसळला होता आणि ग्लोव्हजमधलं बोट फुटलं होतं. ज्या बोटाने तो लोकांच्या डोळ्यांची ऑपरेशनं करायचा, ते.

दीनानाथ धावत गेला. पद्माकरने वर पाहिलं.

"तुझं गवत," तो म्हणाला. "किती वेळा सांगितलं बे तुला. तुझं ते गवत."

गाडी गेली. दीनानाथ पिचपाशी गेला. दुरून हिरवं दिसत होतं. वाकून पाहिलं तर गवत नव्हतं, नुसती हिरवी सावली होती. माती ओली असतानाच दाबलेली. बॉलच्या टप्प्यांचे खड्डे पडले होते आणि उन्हात वाळून कडक झाले होते. असल्या खड्ड्याच्या काठावर बॉल पडला की तो कुठे जाईल ते देवालाही सांगता येत नाही.

"कोणी कापलं?" तो ओरडला. "ओल्यात रोलर कोणी फिरवला?"

"काका, शांत व्हा," परीक्षित म्हणाला. "गवत तुम्हीच ठेवलं होतं. फोटो ग्रुपवर आहे."

दोनशे माणसांनी मोबाइल काढून तो फोटो पाहिला.

मंगळवारी क्लबला मंडळाचा ईमेल आला, सोबत सह्यांचं पत्र; क्लबने ते दीनानाथकडे पाठवलं. पिचवर जादा गवत, खेळाडूला गंभीर इजा, मैदान सांभाळायला व्यावसायिक माणूस नेमावा. फायनल पुढच्या रविवारी आहे, तोवर किल्ल्या ताब्यात घ्याव्यात. खाली दोन सह्या होत्या. एक परीक्षितची. दुसरी वाकडीतिकडी, डाव्या हाताने केलेली. दीनानाथ त्या सहीकडे बघत राहिला. अलका म्हणाली, "अहो, पद्माकरांना फोन करा." तो म्हणाला, "चाळीस वर्षांनी त्याला सांगायचं की मी खोटारडा नाही? मी नाही करणार फोन."

तो जेवला नाही. ओट्यावर मूठ आपटली तेव्हा डब्यांची झाकणं वाजली.

मग तो एकदम उठला आणि मैदानावर गेला. झेंडे ठेवून मंडळाची माणसं शेड उघडीच टाकून गेली होती, किल्ली कुलपाला लटकत होती. त्याने गवत कापायचा मोअर बाहेर ओढला. पात्याची उंची तीन मिलिमीटरवर होती. आणि पुढचा डबा गच्च भरलेला होता.

गवत कापून झाल्यावर हा डबा रिकामा करावा लागतो. नाहीतर गवत आत तापतं, कुजतं, वास मारतं. ज्याने आयुष्यात मोअर चालवलेला नाही त्याला हे माहीत नसतं. दीनानाथने डब्यात हात घातला. आत गरम होतं.

गुरुवारी संध्याकाळी क्लबच्या खोलीत बैठक झाली. ह्यू, क्लबचा सेक्रेटरी, पंच्याहत्तरीचा वेल्श माणूस, मधोमध बसला होता. एका बाजूला परीक्षित लॅपटॉप उघडून, त्याच्या शेजारी पद्माकर, हात गळ्यात. दीनानाथ दोन्ही हातांनी डबा घेऊन आला. त्याने तो टेबलावर उपडा केला. फायनलच्या चकचकीत पत्रकांवर काळंहिरवं गवत पडलं आणि खोलीभर आंबूस वास सुटला.

"काका, काय हे!" परीक्षित उठला.

"बस खाली! रविवार सकाळचं आहे हे. मी सहापासून लॅबमध्ये होतो, ड्युटीचा रोटा बघून घ्या. पात्याची उंची तीन आहे, शेडमध्ये जाऊन बघून घ्या." तो पद्माकरकडे वळला. "हात घाल, पद्या. डावा घाल. पाच मिलिमीटरचं आहे, मोजून बघ. आठातलं तीन पिचवर उरलं, पाच इथे आलं. हेच होतं ते माझं गवत. ते पिचवर असतं तर तुझं बोट आज तुझ्या हाताला नीट असतं."

पद्माकरने हात घातला. एक पातं उचललं. बराच वेळ बघितलं.

ह्यू त्या ढिगावर वाकला. "तेरा वर्षांत हा डबा भरलेला मी पाहिला नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "दीनू पाऊस असला तरी रिकामा करून घरी जातो."

परीक्षितने लॅपटॉप मिटला. "वाईट हेतू नव्हता, काका. तुमच्याच भल्यासाठी. लीग चालली तर मैदानाचंही नाव होईल. आता ईमेल मागे घेतो, विषय संपवू. फायनल याच पिचवर आहे. तेवढं फक्त फ्लॅट करून द्या."

दीनानाथला आधी वाटलं, माफीचा शब्द पुढे येईल. तो आलाच नाही.

"ह्यू," तो म्हणाला, "किल्ली माझ्याकडे आहे की यांच्याकडे?"

"तुझ्याकडे."

शुक्रवारी सकाळी त्याने मधलं पिच खणायला घेतलं. लोखंडी काट्यांनी माती उकरली. खड्डे फोडले. बी पेरलं, वर नवी माती पसरली, मग भोवती दोरी बांधायला घेतली. शनिवारच्या क्लबच्या मॅचला कडेची पिचं होती. मंडळाने पोस्टरवर छापलेलं हेच पिच आता महिनाभर कोणाचंही नव्हतं. खिशात मोबाइल थरथरत होता. परीक्षितचे अकरा फोन येऊन गेले होते.

रीडिंगची गाडी फाटकाशी थांबली. पद्माकर चालत आला.

"दीन्या," तो म्हणाला. "मी..."

"बोलू नको. दोरी धर."

पद्माकरने डाव्या हाताने दोरी धरली. दीनानाथने खुंटी ठोकली, मग दुसरी, गरजेपेक्षा जोरात. तिसरी खुंटी ठोकताना पद्माकरने हळूच विचारलं,

"काहून बे, भर जुलैत बी कोण टाकतं?"

"ज्याचं डोकं फिरलंय तो," दीनानाथ म्हणाला. "ताणून धर. सैल सोडू नको."