चिंतामणरावांचे बरे झालेले गुडघे

चिखलीच्या एका सरकारी कचेरीत चिंतामणरावांनी तेहेतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. एवढ्या वर्षांत त्यांनी कोणाला 'नाही' म्हटल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. माणूस गोड. शेजारच्या अंबूबाईंनी मिठाच्या जागी साखर पडलेलं वरण वाढलं, तरी 'वा, बरं वाटलं!' म्हणून पुन्हा वाटी पुढे करणार. बायको शकुंतलाबाई म्हणतात, "लग्नाच्या वेळी यायले दोन ठिकाणाहून विचारलं असतं, त यायनं दोन्हीकडं हो म्हटलं असतं." असतं कशाला, म्हटलंच होतं, असंही लोक सांगतात, पण ते जाऊ द्या.

तर या गोड माणसाचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. सात महिने वाट पाहिल्यावर अकोल्याच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली: येता गुरुवार. ही हुकली की थेट दिवाळीनंतर. ऑपरेशनची धास्ती जावी म्हणून पुण्याच्या चिरंजीवांनी, धवलने, आईवडिलांना चार दिवस सातपुड्याच्या पायथ्याशी एका पर्यावरणस्नेही हॉटेलात धाडलं. शेजारीच जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याचं कुंड.

हॉटेल मोठं सात्त्विक. भिंती मातीच्या, छत बांबूचं. प्लास्टिकला बंदी, खुर्चीला बंदी, पलंगाला बंदी. जेवायचं मांडी घालून चटईवर, निजायचंही चटईवर, आणि संडास, कसं सांगावं, उकिडवं बसायचा. "जमिनीशी नातं जोडायचं, काका," मॅनेजर गार्गीने हसून समजावलं. मोटारी पार तिकडे फाट्यावर थांबायच्या. पुढे बैलगाडी, ती परत न्यायला येणार एकदम सोमवारी. दाराला कुलूप नव्हतं, तरी चिंतामणरावांना पहिल्याच दुपारी कोंडवाड्यात सापडल्यासारखं झालं.

कुंडातून बाहेर आले तेव्हा गार्गी मोबाइल रोखून उभीच.

"काका, कसं वाटलं?"

"लई बरं वाटलं."

"गुडघ्यांना?"

पोरगी इतक्या आशेनं विचारत होती! "हो, गुडघ्याले बी बरं वाटलं."

आता आपण रसवंतीवर उसाचा रस प्यालो तरी बरं वाटतं. म्हणून काही कावीळ बरी होत नाही. पण संध्याकाळपर्यंत हॉटेलच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत आलं: 'चिंतामणकाकांचे गुडघे एका डुबकीत बरे!' व्हिडिओ जगभर गेला. गार्गीने त्यांची काठी प्रेमानं काढून घेतली आणि फळ्याशेजारी खिळ्याला टांगली.

"आता कशाला लागते, काका?"

"बरं," चिंतामणराव म्हणाले.

मग काय! शनिवारी सकाळी जो तो पाहुणा त्यांना चालून दाखवायला लावू लागला. दात आवळून, चेहऱ्यावर हसू ठेवून ते अंगणात तीन चकरा मारून आले. संडासातून बाहेर यायला मात्र अर्धा तास लागला. शकुंतलाबाई दाराबाहेरून म्हणाल्या, "अहो, निसर्गात विरघळले का काय?"

दुपारी पंगतीत धवलचा फोन आला. सगळे कान टवकारून.

"बाबा, व्हिडिओ पाहिला! मी दवाखान्यात कळवलं, तारीख नको म्हणून."

चिंतामणरावांच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. "कवा कळवलं?"

"आत्ताच. तुम्हीच म्हणालात ना, बरं वाटलं?"

"मंग पुन्हा कळव, येतो म्हणून."

"असं कसं बाबा? दोनदा फोन केला तर ते काय म्हणतील?"

पोरगं आपल्यावरच गेलंय हे बापाला तिथंच कळलं. धवलने फोन ठेवला. समोर गार्गी, डोळे विस्फारून. बाजूला मलकापूरचं जोडपं, त्यातल्या बाईंनी तर आपल्या कंबरेसाठी आणखी चार दिवस वाढवून घेतलेले. खरं बोलावं तर या पोरीची सगळ्यांसमोर फजिती. न बोलावं तर दिवाळी.

शकुंतलाबाई शांतपणे ठेचा कालवत होत्या. "जेवा," एवढंच म्हणाल्या, पण नजर नवऱ्यावरच.

चिंतामणरावांनी उष्ट्या हातानंच दवाखान्याचा नंबर लावला.

"मी चिंतामण, चिखलीचा. माह्या पोरानं आता फोन केला, त्याचं धरू नका. मी गुरुवारी येतो."

पलीकडची बाई म्हणाली, "अहो, गुडघे बरे झाले म्हणे तुमचे?"

पंगतीतले सगळे पुढे झुकले. आमटी वाढणाऱ्याचा डावसुद्धा हवेत.

"नाही," चिंतामणराव म्हणाले. मग आवाज चढला. "नाही झाले! रात्रंदिवस ठणकून राह्यले. पाणी चांगलं आहे, गरम आहे, पण हाडं तेच आहेत. माही जागा कोणाले देऊ नका."

"थांबा, पाहते." कागद चाळल्याचा आवाज. "अजून दिली नाही. पण काका, आता पुन्हा बदलायचं नाही हं."

"नाही. बदलत नाही."

गार्गीचा चेहरा पडला होता. चिंतामणरावांना भारी वाईट वाटलं. उठून तिच्या डोक्यावर हात ठेवावा, असं फार मनात आलं. पण मांडी सुटेना.

"पोरी," ते म्हणाले, "रागवायचं ते रागव, पण आधी मले उठव."

एका बाजूनं गार्गी, दुसऱ्या बाजूनं मलकापूरची बाई, स्वतःची कंबर धरून. आणि मागून शकुंतलाबाई. सोमवार अजून दोन दिवस लांब होता.