जांभळ्या हातांची वोर्दिया

वोर्दिया येतेय हे वारा आधी सांगायचा. क्रीटच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्री गोगलगाई फोडून लोकर रंगवणाऱ्या साऱ्याच बायकांना तो कुबट वास असे; राखेनं कितीही घासा, जात नसे. हात कोपरापर्यंत जांभळे, पण जांभळं कापड त्यांच्या अंगाला कधी लागलं नाही. लोकर राजवाड्याच्या मेंढ्यांची, कापड राजवाड्याच्या कोठारात, तिथून मोहोर लावून परदेशी गलबतावर. बायकांच्या वाट्याला सातू, अंजिरं आणि थोडं तेल. चोरून एक धागा विकला, तरी घरादाराचं धान्य बंद.

त्या उन्हाळ्यात कोमावा नावाचा नवा कारभारी आला. नाकाशी पुदिना धरून त्यानं लांबूनच सांगितलं, एरिपा म्हातारीला यापुढे काही मिळणार नाही. या एरिपानंच वोर्दियाला काम शिकवलं होतं. आता म्हातारीला दिसत नव्हतं.

"बसून खाणाऱ्यांना राजवाडा पोसत नाही," कोमावा म्हणाला.

"तिचे डोळे तुमच्याच कढयांच्या वाफेनं गेलेत, कारभारी."

"नियम मी नाही केला, बाई."

"मग ज्यानं केला त्याला धाडा. तुमच्यापाशी कशाला तोंड शिणवू?"

बायका फिस्सकन हसल्या. कोमावा चिडला आणि सगळ्यांचंच धान्य रोखून गेला.

सकाळी पाणबुडे गोगलगाईंच्या टोपल्या घेऊन आले. मेलेल्या गोगलगाईतून धड रंग निघत नाही, जिवंत असतानाच फोडावी लागते. वोर्दियानं टोपली उचलली आणि पाण्यात पालथी केली.

"अगं, पोरं उपाशी मरतील!" शेजारची सोसिया ओरडली.

"आज तरी कुठं पोटभर खातात? खडकावर शिंपले आहेत, डोंगरावर भाजी आहे. आपण मिळेल ते खाऊ. राजवाडा रंग कुठून आणतो, बघू."

सोसियानं आपल्या टोपलीकडे पाहिलं. मग तिनंही टोपली उलटी केली. मागोमाग बाकीच्यांनी.

बंदरात इजिप्तचं गलबत मालासाठी खोळंबलं होतं. कोमावानं पाणबुड्यांकडून नव्या गोगलगाई काढवून आपले शिपाई कामाला बसवले. दुपारपर्यंत निम्मे ओकत होते, आणि त्यांनी रंगवलेली लोकर चिखलासारखी दिसत होती. गलबताचा मालक निघायच्या गोष्टी करू लागला, तसं धान्य आलं. एरिपाचंही.

पण वोर्दियाला किनाऱ्यावरून हलवून राजवाड्यात दळायला नेलं, नजरेखाली राहावी म्हणून.

"माफी माग, परत पाठवतो," दाराशी कोमावा म्हणाला.

"म्हातारीला जेवू घातल्याची?"

दळणाऱ्या बायका आधी नाक मुरडून लांब सरकल्या. मग एकीनं हळूच विचारलं, "धान्य परत आणवलं ते तूच का? कसं गं?"

मुकादमीण दारातच उभी होती. वोर्दियानं तिच्याकडे एकदा पाहिलं, हातातला दळायचा दगड बाजूला ठेवला आणि तिलाही ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.