चिठ्ठीशिवाय वार नाही

मावशींना गोड बोलता येत नसे. प्रसूतिगृहात आया म्हणून त्यांनी बत्तीस वर्षं काढली, पण "छान झालं हो" असं त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. मूल जन्मलं की सगळ्यांच्या नजरा मुलाकडे, मावशींची मात्र मुलामागून पडलेल्या, ट्रेमधल्या वारेकडे. "पोराला बघायला छप्पन्न जण आहेत," त्या म्हणायच्या, "हिला कोण बघणार?"

हातमोजे घालून त्या वार पाण्याखाली धरत, गुठळ्या काढत आणि मांसल बाजू वर करून पसरत. तिच्या भागांना आम्ही पाकळ्या म्हणायचो. त्या एकमेकींना नीट लागतात का, हे मावशी बोटांनी चाचपून बघत. मग वारेला चिकटलेला पातळ पडदा उचलून खिडकीच्या उजेडात धरत. एवढासा तुकडा आत राहिला, तरी बाईचं रक्त थांबत नाही.

काही घरची माणसं वार मागून नेत. कशाला, ते आम्ही विचारत नसू. त्यांच्यासाठी एकात एक दोन पिशव्या, घट्ट झाकणाचा डबा, वर आईचं नाव आणि वेळ, भोवती बर्फ. डब्याबरोबर मावशींचं भाषण फुकट मिळे. "फ्रिजात ठेवणार असाल तर खालच्या कप्प्यात, जेवणापासून लांब. दोन दिवसांत काय ते उरका. पुरणार असाल तर खड्डा खोल काढा, नाहीतर कुत्री उकरतील. आणि हात धुवा, हात!"

पण डबा लगेच गेटाबाहेर जात नसे. बाळंतिणीचे दोन तास नीट पार पडले, की मावशी स्वतः चिठ्ठीवर सही करत. सहीपुरतंच त्यांना लिहिता येई. ती चिठ्ठी बघितल्याशिवाय वॉचमन डबा सोडत नसे.

"हा नियम कुठं लिहिलाय?" मी एकदा विचारलं. मी तेव्हा नवी सिस्टर होते. परीक्षेत पहिली आलेली, त्यामुळे आकाश ठेंगणं झालं होतं.

"कुठं नाही. माझा आहे," मावशी म्हणाल्या.

त्या दुपारी तीन नंबरच्या खाटेवरची बाई मोकळी झाली. मावशी सकाळपासून उभ्या होत्या. मीच त्यांना जेवायला पिटाळलं, "जा हो, मी बघते." बाईच्या नवऱ्याला वार न्यायची होती, गाडी खाली थांबली होती आणि तो दर दोन मिनिटांनी दार वाजवत होता. मी ट्रे उचलला, वरवर बघितलं. धडधाकट दिसली. रजिस्टरात लिहिलं "वार पूर्ण" आणि झोकात सही ठोकली. डबा मात्र सुरेख भरला, लेबलावरचं अक्षर तर मोत्यासारखं. डबा नवऱ्याच्या हातात दिला, मावशींच्या चिठ्ठीसाठी थांबले नाही. असल्या खुळचटपणाला मी कशाला विचारते!

अर्ध्या तासात बाईखालचं कापड भिजलं. बदललं, तेही भिजलं. डॉक्टरबाई आल्या. पोट चोळलं, इंजेक्शन दिलं, मग दुसरं.

"वार पूर्ण होती ना?"

मी रजिस्टर पुढं केलं. "हो."

डॉक्टरबाईंनी त्यावर विश्वास ठेवला आणि तिसरं औषध मागवलं. बाईचे ओठ पांढरे पडत चालले होते. "बाळ कुठंय?" एवढंच ती विचारत होती.

मावशी ओल्या हातानं आत आल्या. त्यांनी कापड बघितलं, मग मला बघितलं.

"पाकळ्या जुळवल्यास?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी. आजही त्याची लाज वाटते. पण बाई परत म्हणाली, "बाळ कुठंय?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही. मी नीट बघितली नाही."

"तिला ऑपरेशनच्या खोलीत घ्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि वार आणा."

"ती गेली घरी," मी रडकुंडीला आले.

"जाते कुठं! मी चिठ्ठी कुठं दिलीय?" मावशी दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरल्यासुद्धा.

गेटवर नवरा अजून तावातावानं भांडत होता. "अहो, सिस्टरनी सही केलीय!"

"केली असेल," वॉचमन म्हणत होता. "चिठ्ठी कुठंय?"

मावशींनी डबा उचलून वर आणला आणि वार पसरली. एका कडेला तळहाताएवढी जागा रिकामी होती. आम्ही सगळ्यांनी बघितली ती. बाईला भूल देऊन डॉक्टरबाईंनी आतून एक तुकडा काढला. मावशींनी तो त्या जागेत ठेवला.

"अर्धाच आहे. अजून आहे आत, बाई."

डॉक्टरबाईंनी परत हात घातला. दुसरा तुकडा आला, तो बरोबर बसला. "भरली," मावशी म्हणाल्या. थोड्या वेळानं रक्त कमी झालं, मग थांबलं. बाटलीतलं रक्त चढवून होईतो तिचे ओठ जरा लाल दिसायला लागले. बाळाला तिच्याजवळ ठेवलं.

मला वाटलं, आता मावशी माझी चामडी लोळवणार. त्यांनी फक्त रजिस्टर पुढं सरकवलं. मी "पूर्ण" खोडायला पेन टेकवलं.

"खोडायचं नाही. खाली लिही."

मी लिहिलं, "वार अपूर्ण होती. न बघता सही केली." खाली पुन्हा सही केली. या वेळी ती वेडीवाकडी आली.

मग त्यांनी हातमोजे माझ्यापुढं टाकले. तुकड्यांसकट वार मी धुतली, पसरली, एकेक पाकळी जुळवली. त्या बाजूला हाताची घडी घालून उभ्या होत्या. डबा मी पुन्हा भरला, बर्फ नवा घातला. दोन तास झाल्यावर त्यांनी बाईचं पोट चाचपून बघितलं आणि चिठ्ठीवर सही केली.

नवरा आता भांडत नव्हता. दोन्ही हातांनी डबा धरून उभा होता.

"आता पूर्ण आहे ना?" त्यानं मावशींना विचारलं.

"मला काय विचारता?" मावशींनी माझ्याकडे बोट केलं. "तिनं बघितलीय."