ओ नाही, तर बार नाही

सगुणाबाईंच्या नावावर बंदूक आहे हे ऐकून पाहुणे हसतात. एकदाच हसतात. नवरा गंगाराम गेला तेव्हा शेतीसंरक्षणाच्या परवान्याचं काय करायचं, यावर बरीच भवति न भवति झाली. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत, कंपनीत पाळ्या करणारा मुलगा दर्शन म्हणाला, बंदूक ठाण्यात जमा करून मोकळी हो; ती घरात असण्यापेक्षा डुकरांनी भात खाल्लेलं परवडलं. वाडीने उलटं धरलं. नवा परवाना मिळता मिळत नाही, असलेला कशाला घालवायचा? नाव काकीचं राहू दे, चालवायला आम्ही आहोत.

बाईंनी दोघांचंही ऐकलं नाही. परवाना आपल्या नावावर करून घेतला, रत्नागिरीला खेपा घालून बंदूक चालवायला रीतसर शिकल्या आणि वाडीला बजावलं, बंदूक दुसऱ्याच्या हाती जाणार नाही. शिवाय रान हाकायला गेलेल्या प्रत्येकाने आपलं नाव ऐकून ओ दिल्याशिवाय बार निघणार नाही. यावर वाडी महिनाभर हसली. हजेरी होईपर्यंत डुक्कर काय हात जोडून उभं राहणार?

हसणारे बहुतेक तरुण होते. त्यांना केरू आठवत नव्हता. केरू म्हणजे बाईंचा धाकटा दीर, त्यांच्याच हातचं खाऊन वाढलेला. अठरा वर्षांपूर्वी रान हाकताना तो आपली जागा सोडून करवंदीच्या जाळीत शिरला आणि सावज बुजू नये म्हणून हूं की चूं न करता बसून राहिला. जाळी हलली आणि बंदूक घेऊन बसलेल्या, वाडीतल्याच रावजीने बार काढला. कोर्टात अपघात ठरला, रावजी सुटला. पण त्याने पुन्हा बंदुकीला हात लावला नाही, की सगुणाबाईंच्या अंगणात पाऊल टाकलं नाही.

यंदा दसऱ्याच्या सुमारास वाडीतल्या विनोदच्या कापणीला आलेल्या शेतात डुकरं घुसली. दोन दिवसांत अर्धं भात आडवं झालं. वनखात्याची रीतसर परवानगी आली तशी बाई पहाटे बांधावर जाऊन बसल्या. उजाडल्यावर पोरांनी वरच्या कातळाच्या सड्यावरून रान हाकायला सुरुवात केली, आणि थोड्याच वेळात समोरची जाळी सळसळली. विनोद कानाशी कुजबुजला, मारा. बाईंनी मोठ्याने नावं घ्यायला सुरुवात केली. सात जणांनी ओ दिली. आठवा निलेश. त्याला तीनदा हाक मारली, उत्तर नाही. बाईंनी बंदूक उघडून काडतूस काढलं. तेवढ्यात जाळीतून डुकरीण पिल्लांसकट निघाली आणि उरलेलं भात तुडवत पार झाली.

निलेश सापडला त्याच्या पडवीत. पोटात कळ आली म्हणून कोणाला न सांगता घरी गेला होता, आणि चहात खारी बुडवून खात होता.

विनोद माणसं घेऊन थेट बाईंच्या अंगणात आला. घरी बसलेल्या माणसापायी माझं वर्षाचं भात गेलं, म्हणाला. बंदूक माझ्या हाती द्या, नाहीतर ठाण्यात नेऊन टाका. बाईंना वाईट वाटलं, फार वाटलं; त्या शेतात लावणीला त्याही वाकल्या होत्या. पण आवाज हलला नाही.

"तो घरी हाय ह्ये मला कुठं ठावं व्हतं? ओ नाय, तं बार नाय."

गलका वाढला. तेवढ्यात माणसं बाजूला झाली. रावजी काठी टेकत अंगणात आला होता. सत्तरीचा म्हातारा, पायरीशी येऊन थांबला.

"त्या दिवशी मी नाव घेतलं असतं तं केरूनं ओ दिली असती," तो म्हणाला. "डुक्कर पळंल म्हनून मी गप ऱ्हायलो. तोबी गप ऱ्हायला." मग विनोदकडे वळला. "भात पुढल्या साली येतं, पोरा."

विनोदने मान खाली घातली. रावजी जायला वळला, तेव्हा सगुणाबाईंनी त्याला थांबवलं. अठरा वर्षांत त्या त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होत्या.

"डुकरं आता शेजारच्या भातात शिरतील. उद्या उजाडायला बांधावर या, भावजी. नावं तुमी घ्या. माजा डोळा जाळीवर पायजे."

रावजीने डोळे पुसले आणि कोण कोण येणार ते पोरांना विचारायला लागला.