मामांच्या कॉम्प्युटरातला व्हायरस

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस उभ्या सोलापुरात सापडायचा नाही. त्यांचा चादरींचा कारखाना आहे आणि जगातला प्रत्येक माणूस आपलं डिझाइन चोरायलाच जन्माला आलाय, अशी त्यांची खात्री. लग्नात आहेर म्हणून चादर मिळाली, तरी आधी उलटी करून वीण तपासायचे आणि भर मांडवात पुटपुटायचे, "आपलंच उचललंय की!" डिझाइनं ठेवलेल्या जुनाट कॉम्प्युटरला त्यांनी जन्मात इंटरनेट लागू दिलं नाही. कुणी आत आलं, की मामा चटकन पडद्यावर टॉवेल टाकत. जणू आत नवी नवरीच बसलीय.

पुढे नवा माग आला आणि त्याचं सॉफ्टवेअर त्या म्हाताऱ्या विंडोजवर चालेना. परक्याला हात लावू देणं शक्यच नव्हतं, म्हणून घरच्या जावयाला बोलावणं आलं. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हे वाक्य मी त्या दिवसापर्यंत फार ताठ मानेनं सांगत असे.

"जावई, सगळं नीट उचलून ठेवा हां. मला लई भ्या वाटतंय."

"मामा, तुम्ही डोळे मिटून बसा," मी म्हणालो. ते खरंच मिटून बसले.

भाच्यांच्या लग्नाचे फोटो, देवीच्या आरत्या, सगळं मी पेन ड्राइव्हवर घेतलं; डिझाइनंही त्यातच कुठंतरी असतील, असं धरून चाललो. एका फोल्डरचं नाव होतं 'व्हायरस'. ते उघडायचंही धाडस न करता मी डिस्क पुसली, नवं विंडोज चढवलं आणि वर मामांनाच ऐकवलं, "केवढा व्हायरस पाळला होता तुम्ही!"

मामा पांढरेफटक पडले. "जावई... त्यातच डिझाइनं होती. भिऊन कुणी हात लावू नये म्हणून तसलं नाव दिलं होतं."

पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर लावून पुढचे तीन दिवस मी पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे बघत बसलो. पट्टी गहूभर सरकायची आणि मामा दोनदा विचारायचे, "आलं का हो?" दुसरा कुणी असता तर त्याला मागालाच बांधलं असतं. पण जावयावर ओरडायची सोय नाही. ते मामींवर ओरडायचे आणि मला चहा द्यायचे. तीन दिवसांत माणसानं चहा तरी किती प्यावा!

बहुतेक डिझाइनं परत आली. मोराचं आलं नाही. मामांनी स्वतःच्या हातानं काढलेलं ते पहिलं डिझाइन. नमुन्याची चादरही नव्हती. नक्कल होईल या धास्तीनं मामा नमुने कापून टाकत. मी मान खाली घालून उभा राहिलो. शेवटी तेच म्हणाले, "असू द्या. कुणाच्या तरी अंगावर असंल की अजून."

तेव्हापासून सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रस्त्यानं जाताना मी गाडी हळू चालवतो, दोऱ्यांवर वाळत घातलेल्या चादरी बघत. मोर अजून दिसला नाही. मामा त्याबद्दल काही विचारत नाहीत. फक्त मी कारखान्यात शिरलो, की हातातलं काम क्षणभर थांबवून माझ्या हातांकडे बघतात.